कारभाऱ्यांची उतरवलेली मिशी

दुःख दाखवायची घाई कशी गळ्याशी येते, ते ऐका. पहाटे राजे गळा चिरलेले सापडले, शेजारी रक्ताने माखलेला वस्तरा. राणीसाहेबांनी तत्काळ गडाचे दरवाजे बंद केले. चिटपाखरूही खाली उतरलं नाही. दुपारी परगण्याहून आलेल्या कारभारी हैबतरावांना तेवढं आत घेतलं. ते सदरेवर गरजले, "वस्तरा सुभाना न्हाव्याचा! करा त्याचा कडेलोट!"

साखळदंडातल्या सुभानाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "सरकार, मिशी कुठं उतरवलीत?"

"खालच्या गावात. धनी गेल्यावर मिशी ठेवायची नसते, विसरलास?"

"नाही सरकार. पण बातमी गडावर कोंडलेली असताना तुमच्या मिशीला ती खाली कुणी सांगितली?"

राणीसाहेबांनी साखळदंड सोडायची खूण केली. तो कुणाला चढवायचा, हे शिपायांना विचारावं लागलं नाही.