भरताना मधे उठलं तर

"मधे उठली होतीस का?" दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

समोर फळीवर सहा काडतुसं उभी होती. गोळ्याही तिनंच ओतलेल्या, शिसं वितळवून, एकीवरही सुरकुती नाही. मिरजेच्या या शिकलगार उस्तादांकडे हत्यारांचं काम शिकायला लागून वर्ष झालं होतं, आणि आजचा भरणा पहिल्यांदाच तिचा एकटीचा होता. पसंत पडला तर आपल्या पणजोबांच्या जाडजूड रिव्हॉल्व्हरचा बार ती स्वतः उडवणार होती. इंजिनियर बाईला त्यात काय कठीण?

उस्तादांचा नियम एकच. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत दारू भरताना मधे उठलं, तर सगळी परत डब्यात ओतायची आणि पहिल्यापासून सुरुवात. एकाच पुंगळीत दोनदा पडली तर इतकं जुनं रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं.

आणि नेमका सासूबाईंचा फोन आला होता. लेकीला, ईराला ताप. बोलून ती परत बसली ती... तिसऱ्या पुंगळीपासून? का चौथ्या?

चौथ्याच. नक्की. बहुतेक.

"उठली नाहीस ना? मग झालं तर." उस्तादांनी सहाही काडतुसं रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांत सरकवली, कानांत कापूस कोंबला आणि वाळूच्या पोत्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"उस्ताद, तुम्ही कशाला? मी उडवणार होते ना..."

"तुझं लेकरू अजून रांगतंय. माझ्या नातवाला मिशा फुटल्यात."

घोडा मागे गेला. कट्.

"थांबा!" हा आपलाच आवाज आहे, हे केतकीला नंतर कळलं. "मी उठले होते! फोन आला... मी उठले होते, उस्ताद!"

...

उस्तादांनी घोडा अलगद उतरवला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

म्हणजे ते खरंच उडवणार होते! ती पोत्यावर बसली.

उस्तादांनी काडतुसं बाहेर काढून एकेक गोळी उपटली. दारू तराजूत टाकली. पहिली. दुसरी. तिसरी...

सहावीलाही काटा तिथंच थांबला.

त्यांनी सहाही गोळ्या शिशाच्या कढईत टाकल्या.

"अहो, सगळं बरोबर होतं की!" ती रडकुंडीला आली. "मग वितळवता कशाला?"

उस्तादांनी कढईखालचा जाळ वाढवला.

"बरोबर होतं, हे तुला कधी कळलं?"