कोल्होबांचं दगडी मैदान

फार जुनी गोष्ट. एका रानातली जनावरं दर उन्हाळ्यात मिळून तळ्याचा बांध दुरुस्त करायची. एका वर्षी ससे घेऊन रानात नव्यानेच आलेले कोल्होबा म्हणाले, "बांध राहू दे! त्याच दगडांचं मैदान बांधा. माझे ससे तिथं शर्यती पळतील, रानाचं नाव होईल. एक शेंग दिली की कुणीही बघावं."

टिटवीची अंडी तळ्याकाठीच होती. तिने विचारलं, "दगड आमचे, घाम आमचा, आणि शेंगा?"

"माझ्या. पटत नसेल तर चाललो ससे घेऊन डोंगरापलीकडच्या रानात!"

झालं! माकडांनी रडून गोंधळ घातला. रानडुकराने तर बांधाचा दगड उपटलासुद्धा.

टिटवी तडक डोंगरापलीकडे उडाली आणि तिन्हीसांजेला परतली.

"कोल्होबा, गेल्या साली तिथल्यांनी तुमच्यासाठी बांधलेलं मैदान बघून आले. झकास आहे. आत कमरेएवढं वाळकं गवत उभं आहे. त्यांनी निरोप दिलाय, खुशाल परत या."

"बघा! मला किती मान आहे," कोल्होबा फुशारले.

"फक्त येताना प्यायला पाणी घेऊन या, म्हणाले."

रानडुकराने दगड परत बांधात बसवला.