महाराजांचं सरळ नाक

शिरटेकडीच्या महाराजांचं नाक मोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते मोडलेलं नाही असा हुकूम निघाला!

झालं होतं असं. महाराज भैरवसेनांना कुस्तीची भारी हौस. समोरच्या पैलवानाने हरायचं, हा तिथल्या आखाड्याचा नियम. त्या दिवशी पैलवान इतक्या घाईने हरला, की महाराज धडक मारायला धावले तेव्हा समोर कोणी नव्हतंच. होता तो फक्त खांब! नाक डावीकडे गेलं ते तिकडेच राहिलं.

दरबारात सगळ्यांची बोबडी वळली. बोलायचं काय? तेवढ्यात दिवाण माणकोपंत पुढे झाले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "वा! काय सरळ नाक आहे!"

"कालच्यापेक्षाही सरळ!" सेनापतींनी री ओढली. झालं, ठरून गेलं.

पण नाकाला हुकूम कळतो थोडाच? महाराजांना श्वास घेता येईना. जेवताना धाप लागायची, आणि झोपेत असे घोरायचे की महाराणी माहेरी निघून गेल्या. शेवटी महाराजांनी सिदोजी हाडवैद्याला बोलावलं. सिदोजी अगदीच भोळा. त्याने नाक चाचपलं आणि भर दरबारात सांगून टाकलं, "महाराज, हे मोडलंय की!"

"राजद्रोह!" दिवाण किंचाळले. महाराजांच्या नाकाची बदनामी केली, म्हणून सिदोजीचं नाक उद्या चौकात कापायचं, असा हुकूमही त्यांनीच काढला.

सिदोजीची मुलगी गोजरा. बापाच्या हाताखाली राहून तीही हाडं बसवायला शिकलेली. बातमी ऐकून ती आधी पोटभर रडली, मग तोंड धुतलं, बापाची हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि तडक दरबारात आली.

"बापाचं नाक वाचवायचंय?" महाराजांनी विचारलं. "मग माझा श्वास मोकळा करून दे. पण माझं नाक मोडलंय असं तू म्हणायचं नाही, तुझ्या बापानेही नाही. आणि ते मोडलंय असं हा दरबार आपल्या तोंडाने म्हणेपर्यंत माझ्या नाकाला बोट लावायचं नाही! दिलेला हुकूम मी मागे घेत नसतो."

दिवाण मिशीतल्या मिशीत हसले. दरबार असं म्हणणार? कधी म्हटलंय का!

कोपऱ्यात बेड्या घालून बसवलेल्या सिदोजीने डोळे मिटून घेतले. गोजराने मात्र हात जोडले. "मोडलंय कोण म्हणतं, महाराज? आपलं नाक सरळच आहे. चुकलं आमच्या बाबांचंच."

"शाबास!" दिवाण म्हणाले.

"पण महाराज, राज्यात सगळी मापं आपल्याच अंगाची ना?"

हे खरं होतं. शिरटेकडीत कापड महाराजांच्या हाताने मोजायचं आणि जमीन महाराजांच्या पावलाने. महाराज लहानपणी गादीवर बसले, तेव्हा त्यांच्या इवल्याशा हाताच्या मापाने अख्ख्या गावाने गुडघ्यावरची धोतरं नेसली होती. तक्रार? छे, कुणाची बिशाद!

"माझ्याच अंगाची!" महाराज छाती फुगवून म्हणाले.

"मग आपलं नाक ते सरळ नाक. ज्यांची तशी नाहीत, त्यांची वाकडी! बाबांचं वाकडं, माझं वाकडं, या दरबारातली तर झाडून सगळी वाकडी. आपल्यासमोर इतकी वाकडी नाकं घेऊन उभं राहायचं म्हणजे केवढा अपमान! मी सगळ्यांची सरळ करून देते. आधी मानाचं नाक. दिवाणजी, बसा खाली."

तिने पिशवी उलगडली. पातळ सुरी निघाली, लाकडी हातोडी निघाली, तुपात भिजवलेल्या चिंध्या आणि एरंडाच्या नळ्या निघाल्या.

"हे... हे कशाला?" दिवाणांचा आवाज चिरकला.

"आतून एक चीर द्यायची, हातोडीने हाड सैल करायचं, मग डावीकडे ढकलायचं. नळ्या श्वासासाठी. थोडं रक्त येतं, घाबरायचं नाही!"

"आधी सेनापतींचं करा!"

"माझं?" सेनापती चार पावलं मागे सरकले. "मानाप्रमाणे आधी दिवाणजीच!"

महाराजांना आता मजा वाटू लागली. "का हो माणकोपंत? आमच्यासारखं नाक नको तुम्हाला?"

"हवंय ना, महाराज! पण आज अमावस्या..."

"धरा रे यांना!" महाराज गरजले.

शिपायांनी दिवाणांना खाली बसवलं. गोजराने सुरी तुपाने पुसली, हातोडी उचलली आणि हलकेच नाकाच्या हाडाला टेकवली. दिवाणांनी हातपाय झाडले.

"नको! नको गं बाई! माझं सरळ आहे! वाकडं महाराजांचं आहे! मोडलंय ते! सगळ्या दरबाराला ठाऊक आहे!"

"हो हो, सगळ्यांना ठाऊक आहे!" सेनापती नाकावर हात दाबून ओरडले, आणि मागून साऱ्या दरबाराने तोच घोष केला.

आणि मग आपण काय बोललो ते कळलं, तसा एकेकाने हात नाकावरून तोंडावर नेला.

"मी काही म्हटलं नाही हं, महाराज," गोजरा म्हणाली. "बाबाही गप्पच होते."

महाराज लालबुंद झाले. "इतके दिवस मला फसवलंत? मोडलंय म्हटलं की नाक कापायचं, हा हुकूम तुमचाच ना, माणकोपंत? जल्लादाला बोलवा!"

दिवाणांनी गोजराचे पाय धरले.

"महाराज, हे नाक कापू नका!" गोजरा म्हणाली.

"का? दया आली?"

"दया कसली! आपलं नाक बसवताना सरळ म्हणजे किती, ते बघायला माप नको का? दिवाणजींचं सरळ आहे, त्यांनीच तर सांगितलंय!"

महाराज खदाखदा हसले, हसता हसता कळवळले आणि नाक धरून पुन्हा हसले. "सिदोजीच्या बेड्या काढा! हाडवैद्य म्हणून या पोरीला आमराई इनाम, आणि हे माझ्या हातातलं सोन्याचं कडं! चल पोरी, घे हातोडी. आणि माणकोपंत, या असे समोर बसा. मान वर! नाक हलवलंत तर याद राखा!"