पणजोबांचं नाक आणि एका भोकाचं शहाळं

पणजोबांच्या मिशीला बुरशी आली, आणि आडवण संस्थानाचे महाराज रणधवल खवळले!

पणजोबा न्हाणीघराच्या छतावर होते. म्हणजे त्यांचं चित्र होतं. पांढरा घोडा, उपसलेली तलवार, झुबकेदार मिशी! रोज चौरंगावर बसून अंगावर पाणी घेताना महाराज वर बघायचे आणि पूर्वजांचा पराक्रम आठवायचे. स्वतःचा आठवावा इतका नव्हता, त्याला ते तरी काय करणार? पण बंबातल्या कढत पाण्याची वाफ त्या खोलीत कोंडून राही. भिंतींना ओल आली, घोडा हिरवा पडला, आणि एके सकाळी पणजोबांच्या नाकाचा पोपडा सुटला तो थेट महाराजांच्या तांब्यात पडला.

"बोलवा त्या धाकू मेस्त्रीला!"

धाकू मेस्त्री गावचा सुतार. त्यानं खोली पाहिली, छताजवळ भिंतीला गोल झरोका पाडला आणि त्यात आठ पात्यांचं लाकडी चाक बसवलं. बाहेरून दोरी ओढली की चाक गरगर फिरायचं आणि आतली वाफ बाहेर फेकायचं. काम झकास झालं होतं. तेवढ्यात राजवैद्य गुंडोपंत आले.

"महाराज, ओल्या अंगाला बाहेरचा वारा? गेल्या वर्षीची शिंक विसरलात?"

महाराज कसे विसरतील? त्या एका शिंकेपायी दरबार तीन दिवस बंद होता! त्यांनी लगेच हुकूम सोडला, "वाफ सगळी बाहेर गेली पाहिजे, पण बाहेरचा वारा कणभरही आत येता कामा नये!"

वैद्यराजांनी स्वतः उभं राहून खिडक्या मेणानं बुजवल्या. दाराखालच्या फटीत एक जाडजूड गोधडी कोंबली.

"महाराज, ती फट तेवढी राहू द्या," मेस्त्री काकुळतीला आला. "आत हवा येईल तरच वाफ..."

"माझ्या न्हाणीघराला फट? गप्प बस आणि चाक फिरव!"

चाक फिरलं. दोरी ओढणारा घामाघूम झाला. वाफ मात्र जागची हलली नाही.

"चाकच खोटं आहे," वैद्यराज म्हणाले.

"टाका याला कोठडीत! वाफ जाईल त्या दिवशी सुटेल!" महाराज गरजले. आणि गोधडी तर तिथेच होती. म्हणजे मेस्त्री जन्मभर आत!

मेस्त्रीची मुलगी आवडी भाकरी घेऊन कोठडीपाशी आली.

"गोधडी काढली तर घटकाभरात वाफ जाईल, पोरी," मेस्त्री म्हणाला. "पण महाराजांना सांगणार कोण? मी सांगून बघितलं, इथे येऊन बसलो."

"सांगायचं नाहीच, बाबा. त्यांच्याच तोंडून वदवायचं. तुमचं गिरमिट कुठे ठेवलंय?"

आडवणात एक रीत होती. फिर्याद घेऊन येणाऱ्यानं महाराजांपुढे शहाळं ठेवायचं. महाराजांनी त्याचं पाणी थेंबही न ठेवता प्यायचं, आणि मगच फिर्याद ऐकायची. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण रीत घालून दिली होती खुद्द पणजोबांनी!

दुसऱ्या दिवशी दरबारात आवडीनं शहाळं पुढे केलं. नेहमी शेंडा कोयत्यानं छाटलेला असायचा. याला मात्र गिरमिटानं पाडलेलं एकच बारीक भोक होतं.

महाराज नुकतेच कढत पाण्यानं न्हाऊन आले होते. घसा कोरडा पडला होता. त्यांनी शहाळं उपडं केलं. दोन थेंब आले आणि बंद! हलवलं, आपटलं, पण काही येईना. भोकाला तोंड लावून जोरात ओढलं, तर ओठच चिकटून बसले. ते सुटताना असा आवाज झाला की दरबारानं खाली मान घातली. हसताना दिसायला नको ना!

"रिकामं आहे हे!"

"पाणी भरपूर आहे, महाराज. हलवून ऐका," आवडी म्हणाली.

"मग पाणी बाहेर का येत नाही?"

"मी अडाणी, मला काय कळणार? वैद्यराजांना विचारा."

वैद्यराजांनी शहाळं कानाशी धरलं, डोळे मिटले आणि फारच वेळ मिटून ठेवले.

"अहो, त्यात काय विचारायचं!" महाराज ओरडले. "शेंबड्या पोरालाही कळेल! दुसरं भोक पाड! आत हवा गेल्याशिवाय पाणी बाहेर येईल कसं?"

आवडीनं कानांवर हात ठेवले. "अरे देवा! बाहेरचा वारा आत? शहाळ्याला शिंक आली तर, महाराज?"

महाराजांनी शहाळ्याकडे पाहिलं, मग आवडीकडे, मग वैद्यराजांकडे. आवडीनं गिरमिट काढलं, दुसरं भोक पाडलं आणि शहाळं पुन्हा त्यांच्या हाती दिलं. घटाघटा सगळं पाणी पिऊन महाराजांनी मिशा पुसल्या.

"बोल. काय फिर्याद आहे?"

"महाराज, फिर्यादीचा निकाल तुम्ही आत्ताच दिलात की!"

महाराज उठले ते तडक न्हाणीघराकडे निघाले. मागे अख्खा दरबार. त्यांनी स्वतःच्या हातानं गोधडी उपसली. चाक फिरलं, आणि बघता बघता वाफ झरोक्यातून बाहेर पळाली. वर पणजोबा दिसू लागले. नाक नव्हतं, पण मिशी शाबूत होती!

महाराज पोट धरधरून हसले. "ही गोधडी वैद्यराजांना भर दरबारात पांघरा! त्यांना वारा लागायला नको! आणि आवडी, तुला काय हवं ते माग!"

"मला काही नको, महाराज. कोठडीच्या दारातून माणूस आत जातो, हे बाबांनी बघितलं. त्याच दारातून तो बाहेरही येतो, तेवढं त्यांना दाखवा."

महाराज पुन्हा खदखदून हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात घातलं, आणि कोठडीची किल्ली मागवून घेऊन ती तिच्याच हवाली केली.