चुनाप्पा आणि खारोबा यांचा जाहीर सत्कार

त्या राज्यात पाणी भरपूर होतं आणि पाण्यात फारसं काही नव्हतं.

राज्याला चारी बाजूंनी भिंती होत्या आणि त्या आरपार दिसत. भिंतींपलीकडे काय आहे, यावर विद्वानांचे दोन तट होते. बाकीच्यांना कामं होती. काम म्हणजे बांधकाम. तिथे दगड मिळत नसे, माती मिळत नसे, जे काही बांधायचं ते पाण्यातूनच काढून बांधावं लागे. गवंडी सगळे पोवळ्यांच्या जातीचे. अंगभर बारीक बारीक तोंडं, आणि तोंडात पाण्यातून जे येईल त्याची भिंत. पाण्यात विरघळून असेल तेवढीच भिंत वाढे. पाणी रिकामं झालं की पोवळं आधी वाढायचं थांबे, मग टोकाकडून पांढरं पडत येई, आणि मग लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागत.

एके काळी या राज्याला बाहेरून रसद यायची. सोनेरी अक्षरांच्या बाटल्या, नावं अशी की उच्चारताना जीभ अडखळावी. पुढे बाहेरच्या हाताला ओढगस्त लागली असावी. सोनेरी बाटल्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी दोघे आले. पूर्वेच्या कोपऱ्यात सरबताच्या जुन्या बाटलीत चुनाप्पा, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीत खारोबा. एकाच्या अंगात चुना, दुसऱ्याच्या अंगात सोड्याचा खार. भिंतीला दोन्ही लागतात. नुसत्या एकाने भिंत उभी राहत नाही. सोनेरी बाटल्यांतही हेच दोघे असायचे, फक्त तेव्हा त्यांना झब्बे घातलेले असत.

चुनाप्पा सकाळी एका नळीतून यायचा, थेंबाथेंबाने. खारोबा संध्याकाळी दुसऱ्या नळीतून, तोही थेंबाथेंबाने. थेंब पाण्यात पडला की दिसेनासा व्हायचा. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांना येताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त गोगलबुवाने.

गोगलबुवा म्हणजे त्या राज्यातला म्हातारा शंखवाला. दोन्ही नळ्यांची तोंडं उघडणं आणि मिटणं, एवढंच त्याचं काम. पूर्वेहून पश्चिमेला पोचायला त्याला दिवस लागे, परत यायला रात्र, म्हणून कामात कधी खंड पडला नाही. मोजमापाची त्याची रीत साधी होती. स्वतःच्या शंखावरून तोंड फिरवायचं. खडबडीत लागला तर पाणी भुकेलं आहे, उद्या एक थेंब जास्त. गुळगुळीत लागला तर आहे ते बरं आहे. आणि एक नियम त्याने कधी मोडला नाही. ते दोघे एका वेळी, एका दारातून आत येणार नाहीत. का, ते त्याला माहीत होतं. पण कुणी विचारल्याशिवाय सांगायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पूर्वेच्या उतारावर पोवळीकाकू राहायची. राज्यातली सगळ्यात जुनी गवंडीण. तिची एक फांदी बुंध्याशी तडकली होती आणि त्या फांदीखाली झिंग्यांची चार बिऱ्हाडं होती, लेकराबाळांसकट. काकू आतून तडा भरत आणत होती.

"बुवा, अजून दोन महिने," ती म्हणायची. "दोन महिने थेंब चुकवू नका. तडा भरला की मग मी मेले तरी फांदी उभी राहील."

"मरायची कसली घाई आहे तुम्हाला?"

"घाई कुणाला आहे? जरा पडायला मिळालं तर हवंय, एवढंच."

राज्याचे दिवाण होते फुगेराव. चांगला विचार मनात आला की त्यांचं अंग टम्म फुगायचं आणि अंगावरचे काटे उभे राहायचे. त्यामुळे त्यांना चांगला विचार आला आहे हे सगळ्यांना लांबूनच कळे आणि लोक बाजूला होत. एके दिवशी ते असे काही फुगले की त्यांना खाली उतरवायला चौघे लागले.

"अकरा वर्षं!" दिवाण म्हणाले. "अकरा वर्षं दोन सामान्य सेवक या राज्यासाठी झिजतायत, आणि आपण त्यांना एक शाल देऊ नये? आपल्याला काही जनाची, मनाची?"

समिती झाली. समितीने चौकशी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. हे दोघे एकाच राज्याची सेवा करतात, पण दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा सगळे रडले. पाण्यात कोण खरंच रडतं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून सगळेच रडले असं इतिवृत्तात लिहिलं. ठराव असा झाला: दोघांना एकाच व्यासपीठावर, एकाच मुहूर्तावर आणायचं. थेंबाथेंबाने नव्हे, सन्मानाने. अख्खी बाटली आणि अख्खी बरणी.

गोगलबुवाला हे कळलं तेव्हा तो निघाला, आणि दिवाणांकडे पोचला तेव्हा मांडव उभा राहिला होता.

"साहेब, त्यांची भेट घालू नका."

"का हो बुवा? तुमचं नाव पत्रिकेत नाही म्हणून?"

"भेटले तर दोघंही राहणार नाहीत."

दिवाणांनी मान डोलावली. "खरं आहे. भावना अनावर होणारच. अकरा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"तसं नाही साहेब. ते लांब लांब येतात म्हणूनच कामाला येतात."

"तुमच्यासारख्यांनीच त्यांना लांब ठेवलं," दिवाण म्हणाले, आणि पुन्हा फुगू लागले. बुवाला बाजूला व्हावं लागलं.

मग बुवा त्या दोघांकडे गेला, म्हणाला, तुम्हीच नको म्हणा. चुनाप्पा बाटलीच्या तळाशी टेकून बसला होता. अकरा वर्षं नळीला लोंबकळून त्याचे खांदे उतरले होते.

"तिथे बसायला मिळणार आहे म्हणे?" त्याने विचारलं.

खारोबाचा प्रश्न निराळा होता. "तो दिसायला कसा आहे हो, बुवा? माझ्यासारखाच आहे का?"

बुवा आला तसा परत गेला.

समारंभ पूर्वेच्या उतारावर झाला, काकूच्या अगदी समोर. सगळं राज्य लोटलं होतं. एका बाजूने बाटली उपडी झाली, दुसऱ्या बाजूने बरणी. दोघे व्यासपीठाच्या मधोमध समोरासमोर आले. क्षणभर एकमेकांकडे पाहत उभे राहिले. मग चुनाप्पाने हात पसरले, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

मिठी मारली तिथून पांढरं पडायला लागलं. आधी पिठीसारखं, मग भुरभुर, मग इतकं दाट की मांडव दिसेना. राज्याने असं वैभव कधी पाहिलं नव्हतं. "पुष्पवृष्टी! पुष्पवृष्टी!" म्हणत लोक उभे राहिले, आणि टाळ्या थांबेनात. दिवाणांनी याच वेळी भाषण सुरू केलं, आणि ते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम भाषण ठरलं. हार घालायची वेळ आली तेव्हा हार घेऊन उभ्या राहिलेल्या दोन कोळंब्या इकडे तिकडे पाहू लागल्या. घालायचे कुणाला? शेवटी दोन्ही हार दिवाणांनीच घालून घेतले, प्रातिनिधिक स्वरूपात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीला थेंब नव्हता. संध्याकाळीही नव्हता. पांढरा भुगा मात्र सगळीकडे होता. उतारावर, मांडवाच्या खांबांवर, काकूच्या तोंडातोंडात. चुन्याच्या ढिगात बसून काकू चुन्याला महाग झाली.

"बुवा, हे तेच ना?"

"तेच."

"दोघंही आहेत यात?"

"दोघंही."

"मग लागत का नाही हे भिंतीला?"

गोगलबुवाने शंखावरून तोंड फिरवलं. शंख खरखरीत लागत होता. "त्यांना जे हवं होतं ते मिळालं, काकू. आता त्यांना कुणाच्या भिंतीचं काय?"

तडा भरायचा थांबला. फांदी केसभर वाकली, मग आणखी केसभर. झिंग्यांच्या बिऱ्हाडांनी सामान बांधून ठेवलं, पण जायचं कुठे, म्हणून ते पुन्हा सोडलं. काकूच्या अंगाची टोकं पांढरी व्हायला लागली होती. पाण्यात जुनं काही थोडं उरलं असेल त्यावर ती जगत होती, आणि तेवढ्यासाठी तोंडं उघडी राहणं भाग होतं. ती उघडी राहत होती, ती एकट्या वाहतेबापूंमुळे.

वाहतेबापू म्हणजे त्या राज्याचा ओघ. दिवसरात्र एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. उतारावरून जाताना ते काकूच्या अंगावरून हात फिरवत आणि तोंडांवर साचलेला भुगा उडवून देत. "डोळे मिटा काकू, धूळ आहे," एवढं म्हणायचे आणि पुढे जायचे. परत येईपर्यंत भुगा पुन्हा बसलेला असे. ते पुन्हा उडवत.

"अशाने वर्षभर तग धरेन मी," काकू बुवाला म्हणाली. "तोवर तो बाहेरचा हात नवी बाटली ठेवेल की नाही एखादी?"

"ठेवेल," बुवा म्हणाला. "ठेवायला हवी."

वर्ष व्हायला थोडे दिवस उरले असताना समितीची बैठक झाली. मागच्या समारंभाचं यश पाहता प्रथा पुढे चालू ठेवावी, यावर दुमत नव्हतं. यंदा कुणाचा, एवढाच प्रश्न होता. दिवाण फुगायला लागले तशी सभेला उत्तर कळलं. जन्मात ज्याला एकदाही कुणी 'बसा' म्हटलेलं नाही, असा या राज्यात एकच आहे.

या खेपेला गोगलबुवा वेळेत निघाला. वाहतेबापू भिंतीशी वळत होते, तिथे त्याने त्यांना गाठलं.

"बापू, नको म्हणा."

"बुवा, एक तासाचा तर प्रश्न आहे."

"काकूची तोंडं..."

"मला माहीत आहे हो." बापू वळून पुढे गेले आणि फेरी पुरी करून परत आले, तेव्हा वाक्य पूर्ण केलं. "पण त्यांनी खुर्ची आणलीय. पाठ असलेली."

बुवा उताराकडे चालू लागला. समारंभाच्या दिवशी तो काकूजवळ पोचला. वर मांडवात दिवाण म्हणाले, "बसा बापू." वाहतेबापू बसले. त्यांनी पाय लांब केले, पाठ टेकली, आणि डोळे मिटले.

पाणी थांबलं. इतकं स्तब्ध पाणी त्या राज्यात कुणी अनुभवलं नव्हतं. मानपत्राचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. वर्षभर तरंगत राहिलेला पांढरा भुगा हळूहळू खाली उतरू लागला. लोकांनी वर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

गोगलबुवा काकूच्या अंगावर चढला आणि एकेक तोंड पुसू लागला. काकूच्या अंगावर तोंडं होती तीन हजार. तो सहाव्यावर होता, तेव्हा व्यासपीठावर मानपत्राचं दुसरं पान उलटलं गेलं.