बोरीला मिळालेला मान

फार पूर्वी, पाऊस ज्या मुलखाचा रस्ता वरचेवर विसरत असे, तिथं एका माळावर एक जुनी बोरी होती. तिच्या जवळच एक धनगरीण म्हातारी आपल्या बारा शेळ्या घेऊन राहत असे.

दर चैत्रात म्हातारी कोयता घेऊन बोरी छाटी. पाला शेळ्या खात, काटेरी फांद्यांचं कुंपण गावाच्या शेतांना होई. आषाढात बोरीला नवे फुटवे येत आणि पौषात त्या फुटव्यांवर बोरं लगडत. गाव ती पोटभर खाई आणि उरलेली वाळवून, कुटून मडक्यांत भरून ठेवी.

एके साली दुष्काळ पडला. राजाच्या कोठारातले उंदीरसुद्धा उपाशी निजू लागले, पण गाव बोरकुटावर जगलं. ही वार्ता ऐकून राजा गहिवरला. राजा गहिवरला की प्रजेनं सावध व्हावं. गावाला ते ठाऊक नव्हतं.

राजा प्रधानासह आला. त्यानं बोरीभोवती पार बांधवला, तिला शाल पांघरवली आणि फर्मान काढलं, की या मातेच्या अंगाला जो कोयता लावील त्याची जनावरं जप्त होतील.

म्हातारी पुढं झाली. "महाराज, नव्या फांदीलाच बोर धरतं. छाटली नाही तर ही द्यायची बंद होईल. माझ्या शेळ्या खाणार काय?"

प्रधान हसून म्हणाला, "आजी, आईचे हात तोडले की ती जास्त जेवू घालते, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"चाळीस वर्षं छाटतेय मी तिला. तुम्ही एकदा तरी तिच्याखाली बसलात का?"

"म्हणून तर पार बांधला," प्रधान म्हणाला. दरबारी खूप हसले.

पुढच्या चैत्रात म्हातारी राजधानीला गेली. तिला वृक्षांच्या अधिकाऱ्याकडं पाठवलं. त्यानं सांगितलं, की बोरी आता वृक्ष राहिली नसून माता झाली आहे, तेव्हा देवस्थानच्या अधिकाऱ्याला भेटा. तो यात्रेला गेला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या चैत्रातही तो यात्रेलाच होता. म्हातारी दर खेपेला परत येई आणि पाल्यावाचून खंगलेल्या तीन-चार शेळ्या विकून टाकी. कुंपणं मोडली, मोकाट गुरांनी शेतं खाल्ली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा दुष्काळ आला. राजा बोरीपाशी धावला. शेंड्याला मिऱ्यांएवढी चार बोरं होती, तीही किडकी. प्रधानाला वाटलं, मान कमी पडला असावा. त्यानं आणखी एक शाल सुचवली.

राजानं म्हातारीला बोलावून उपाय विचारला.

"उपाय तीन वर्षं तुमच्या दारात उभा होता, महाराज," ती म्हणाली. "आता छाटली तरी पौषापर्यंत थांबावं लागेल. तोवर गावानं काय पार चाटावा?"

राजाची मान खाली गेली. त्यानं फर्मान मागं घेतलं आणि आपल्या घोड्यांचा हरभरा गावाला वाटला. म्हातारीनं बोरी छाटली. काटेरी फांद्या शेतांवर वाहून नेण्याचं काम प्रधानाला मिळालं. ते त्यानं ओरखडे मोजत केलं.

पौषात बोरी लगडली. गाव तगलं. म्हातारीच्या बारा शेळ्यांपैकी मात्र एकच उरली होती.

तात्पर्य: ज्याचा सन्मान करायचा, त्याला जो रोज सांभाळतो त्याचं आधी ऐकावं.