ओल्या वाळूतला ठसा

फार पूर्वी सुवेणा नदीच्या काठी वेत्रपूर नावाचे नगर होते. तिथे राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शिक्षकाच्या कुळात जन्मले आणि मोठेपणी तेही शिकवूच लागले. धनुर्विद्या किंवा ज्योतिष मात्र ते शिकवीत नसत. ते माणसांना चारचौघांत बोलायला शिकवीत. राजाज्ञा चौकाचौकांत सांगणारे घोषक, परराज्यात जाणारे दूत, पंचांपुढे गाऱ्हाणे मांडताना ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते असे साधे लोक, सगळे त्यांच्याकडे येत. गाव त्यांना नुसते आचार्य म्हणे.

त्यांची शाळा नदीकाठच्या वाळूत भरे. वाळवंटाच्या वरच्या अंगाला बुरूडांची वस्ती होती आणि तिथल्या बायका दिवसभर टोपल्या विणीत बसत. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे तोंड करून बोलायचे. "ओरडू नकोस," आचार्य सांगत. "घसा ताणलास तर त्या मान वर करतील आणि पुन्हा विणायला लागतील. श्वास पोटातून घे. जिथे मुद्दा आहे तिथे अंमळ थांब. त्यांचे हात थांबले, तरच तुझे बोलणे पोचले." हातवाऱ्यांच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. खांद्याच्या वर हात गेला की ते म्हणत, "माश्या मारून झाल्या असतील तर पुढे बोल."

पण त्यांची खरी परीक्षा पायांची असे. विद्यार्थ्याने ओल्या वाळूत उभे राहून बोलायचे, आणि बोलणे संपले की बाजूला व्हायचे. मग आचार्य खाली बसून ठसे पाहत. ठसा दोन्ही पायांचा सारखा खोल असेल तर बोलणारा आपल्या शब्दांवर ठाम उभा राहिला. टाच उचलली गेली असेल, पाऊल मागे घसरले असेल, तर तोंडाने काहीही म्हटले असले तरी मनातून तो केव्हाच पळाला होता. लोक कानांनी ऐकतात आणि डोळ्यांनी ठरवतात, असे त्यांचे म्हणणे होते.

एके वर्षी शंख कोरणाऱ्या कारागिराचा मुलगा शंखदत्त त्यांच्याकडे आला. वीस-एकवीस वर्षांचा, देखणा, आणि आवाज असा की पहिल्याच दिवशी सगळ्या बुरूडणींचे हात थांबले. त्यांच्यात चंपिका नावाची एक तिखट बाई होती. इतर विद्यार्थी बोलायला लागले की ती मुद्दाम जांभई देई. तीदेखील धाकट्या बहिणीला म्हणाली, "ह्याचं बोलणं ऐकत बसले तर आज एक टोपली व्हायची नाही."

आचार्यांचा जीव त्या पोरावर जडला. इतक्या वर्षांत हाताखालून शेकड्यांनी माणसे गेली, पण असा गळा त्यांनी ऐकला नव्हता. त्याने चूक केली तर ते हळूच सांगत, आणि पुढे पुढे तेवढेही सांगेनासे झाले. प्रेम माणसाला आंधळे करते, हे अर्धेच खरे आहे. आचार्यांना सगळे दिसत होते.

मग एक दिवस राजाचा अमात्य शाळेत आला. नगराला नवा राजघोषक हवा होता. शंखदत्त वाळूत उभा राहिला आणि पुराच्या वेळी लोकांना धीर कसा द्यावा, यावर बोलला. अमात्याचे डोळे भरून आले. तो बोलत असताना समोर वस्तीच्या बाजूला एक बैल उधळला, दोन-चार माणसे धावली. शंखदत्ताचा आवाज तसूभरही हलला नाही.

बोलणे संपले. आचार्य ठसे पाहायला वाकले. डावा ठसा नीट होता. उजव्या पायाने मात्र वाळूत मागे वीतभर लांब चर ओढला होता. बैल उधळला त्या क्षणी पाऊल मागे गेले होते, आणि ते शंखदत्ताला स्वतःलाही कळले नव्हते.

"काय दिसते, आचार्य?" अमात्याने विचारले.

आचार्य उभे राहिले. अमात्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी पाहिला, शिष्याचा उजळलेला चेहरा पाहिला, आणि आपला विद्यार्थी राजघोषक झाला तर लोक काय म्हणतील तेही त्यांच्या मनात येऊन गेले. त्यांनी आपल्या पायाने तो चर सारखा करून टाकला. "चांगला उभा राहतो," ते म्हणाले.

मागाहून सांगू, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. ते मागाहून कधी आलेच नाही. आधी नेमणूक झाली, मग सत्कार झाला, मग शंखदत्ताला सवड मिळेना, आणि आचार्यांनाही विषय काढायला अवघड वाटू लागले.

चैत्रात नदीपलीकडच्या यक्षाच्या स्थानी जत्रा भरे. त्यासाठी नावांना नावा जोडून, वर फळ्या टाकून पूल करीत. त्या वर्षी परतीच्या वेळी पूल माणसांनी फुलून गेलेला असताना पलीकडच्या काठाचा मोठा दोर उकलू लागला. मागे जाण्यात अर्थ नव्हता. अलीकडे यायचे, पण एकेकाने आणि सावकाश यायचे, म्हणजे पूल टिकणार होता. नावाड्यांनी घाईघाईने शंखदत्ताला बोलावले.

तो पुलाच्या तोंडाशी, पहिल्या फळीवर उभा राहिला. "आहात तिथेच थांबा," तो म्हणाला. "दोर अजून धरून आहे. मी एकेकाला बोलावतो." जिथे थांबायला हवे तिथे तो थांबला. नजर एकेका चेहऱ्यावर ठेवली. हात छातीइतक्या उंचीवर, पंजा शांत. शिकवलेले सगळे त्याने बिनचूक केले. आणि खरोखरच ती सगळी गर्दी थबकली. रडणारी पोरेसुद्धा गप्प झाली. काठावर उभ्या असलेल्या आचार्यांना अभिमानाने भरून आले. पुढे कितीतरी दिवस त्यांना आपल्या त्या अभिमानाचीच सर्वांत जास्त लाज वाटत राहिली.

कारण तेवढ्यात पूल करकरला, आणि शंखदत्ताचा उजवा पाय फळीवरून मागे काठावर गेला.

आवाज तोच होता. शब्दही तेच होते. पण पुढच्या ओळीतल्या एका माणसाने तो पाय पाहिला आणि म्हणाला, "अरे, हाच पळतोय." मग कोणी कोणाचे ऐकेना. मागचे पुढच्यांवर आले, फळ्या कलंडल्या, पलीकडच्या टोकाच्या तीन नावा उलटल्या. एकोणीस माणसे नदीने नेली. चंपिकेची धाकटी बहीण त्यांतच गेली.

अजून शंभरएक माणसे डुगडुगणाऱ्या फळ्यांवर होती आणि रेटारेटी चालूच होती. आचार्य पुलावर चढले. म्हातारे माणूस, कोणी अडवायच्या आत गर्दीच्या कडेकडेने ते पार मधल्या नावेपर्यंत गेले, आणि तिथे फळीवर मांडी घालून बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. शेजारच्या बाईशी बोलावे तसे ते म्हणाले, "मी इथे बसलोय. तुम्ही सगळे गेलात की मग उठेन. बाळे, तू आधी जा." ती गेली. मग दुसरा गेला. बसलेल्या माणसाच्या अंगावरून पळत जाणे कोणालाही जमेना. सगळे उतरल्यावर शेवटी आचार्य आले, आणि ते काठावर पोचले तेव्हा दोर तुटला.

दुसऱ्या दिवशी राजसभा भरली. गेलेल्यांचे नातलग मागे भिंतीशी उभे होते. राजा संतापला होता. ज्या जिभेने लोकांना फसवले ती छाटून टाका, अशी आज्ञा त्याने दिली. शंखदत्त मान खाली घालून उभा होता. मग राजा आचार्यांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही आजपासून आमचे महामात्य. शंभर जीव तुम्ही वाचवले."

आचार्य पुढे आले. "महाराज, त्याची जीभ खोटे बोललेली नाही," ते पुटपुटले. "दोष..." पुढचे कोणाला ऐकू आले नाही.

"मोठ्याने बोला," राजा म्हणाला.

जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवणाऱ्या त्या माणसाने खाली पाहिले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपली टाच उचलली गेली आहे. मन दाराकडे निघाले होते. त्यांनी टाच टेकवली. श्वास पोटातून घेतला. राजाकडे पाठ होणार नाही इतपत वळून, मागे भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत ते बोलले.

"त्याचा पाय मागे जातो, हे मी आधीच पाहिले होते. वाळूत स्पष्ट उमटले होते. तो माझा लाडका होता आणि त्याच्या नावाबरोबर माझे नाव होणार होते, म्हणून मी तो ठसा पुसला. त्याला स्वतःला हे ठाऊकच नव्हते. ज्याला ठाऊक होते तो मी आहे."

भिंतीपाशी उभी असलेली चंपिका पुढे आली.

"त्याला सांगितलं असतं तर सुधारला असता?"

"महिनाभरात सुधारला असता."

"एका महिन्यात," ती म्हणाली. आचार्यांना शिव्याशाप देण्याइतकेही बळ तिच्यात उरले नव्हते. ती वळली आणि निघून गेली.

राजाने शिक्षा मागे घेतली. महामात्यपद आचार्यांनी घेतले नाही. शंखदत्त पुढे नावाडी झाला आणि त्याने पुन्हा कधी चौकात तोंड उघडले नाही. आचार्य शिकवीत राहिले. शिष्य कितीही लाडका असो, त्याचा दोष त्याच दिवशी त्याला सांगू लागले. काही शिष्य रागावून सोडून गेले. पण गेलेली एकोणीस माणसे काही परत आली नाहीत, आणि आचार्य हे मरेपर्यंत विसरले नाहीत.

ही कथा भगवंतांनी विहारात सांगितली, तेव्हा समोर एक गोड प्रवचन करणारा तरुण भिक्खू बसला होता आणि शेजारी त्याचे वृद्ध उपाध्याय होते. शिष्याच्या बोलण्यातली खोट जाणूनही ते त्याची नुसती वाहवा करीत. भगवंत म्हणाले, "त्या वेळचा शंखदत्त म्हणजे हा तरुण भिक्खू. राजा विजितसेन म्हणजे हे उपाध्याय. चंपिका आज भिक्खुणी होऊन त्या खांबाजवळ बसली आहे." मग ते उपाध्यायांकडे वळले.

"आणि ठसा पुसणारा तो आचार्य मी होतो. शंभर माणसे वाचवली म्हणून त्या जन्मी मी पुण्यवान ठरलो असेन. पण सत्य वेळेवर बोललो असतो, तर कोणाला वाचवावेच लागले नसते. आपल्या माणसाला अप्रिय सत्य वेळीच सांगणे, ही सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता. ती मी त्या जन्मी उशिरा शिकलो."

वृद्ध उपाध्यायांनी शिष्याकडे पाहिले. "तुला काही सांगायचे आहे," ते म्हणाले, "आणि ते आजच सांगतो."